कढीपत्ता, कडीपत्ता, गोडलिंब

गच्चीतल्या बागेबद्दल ब्लॉग लिहायला लागले तेव्हा दुसऱ्याच लेखाचं नाव मी ठेवलं होतं, 'एका पानाची कैफियत'. नाव सुचलं आणि समोरचा चहा गार होईपर्यंत मी स्वतःवरच खूश होऊन बसले. लेख कढीपत्त्यावर होता. पानं पिवळी का पडतात, कुंडी केवढी हवी, शेंडा कधी खुडायचा, आंबट ताकाचा गुण खरा किती आणि ऐकीव किती, असं वीस वर्षं कुंड्यांशी झटून जे काही हाती लागलं ते सगळं त्यात होतं. नव्हता तो फक्त 'कढीपत्ता' हा शब्द. शीर्षकात नव्हता, पहिल्या परिच्छेदातही नव्हता. तिथे मी 'आमच्या स्वयंपाकघराची ही सावळी सुगंधी सखी' असलं काहीतरी लिहून ठेवलं होतं. आज वाचताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. म्हणजे बहीण, वहिनी आणि सोसायटीतल्या दोघी येऊन गेल्या, पण त्यांना मीच लिंक पाठवली होती. मग एका रविवारी भाचा जेवायला आला आणि ताटावरून उठता उठता म्हणाला, "मावशी, सर्च कन्सोल जोडलंयस का?" मी म्हटलं, ते काय असतं? त्याने हात धुऊन दहा मिनिटांत जोडून दिलं. फुकट असतं. आपलं पान गूगलवर कुठल्या शब्दांमागे दिसलं, किती वेळा दिसलं, त्यातल्या किती जणांनी ते उघडलं आणि साधारण कितव्या क्रमांकावर होतं, याचा सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब तिथे मिळतो.

महिनाभराने तो पुन्हा आला आणि आम्ही यादी उघडली. माझा लेख लोकांना ज्या शब्दांमागे दिसला होता, त्यांत सगळ्यात वर होतं 'कैफियत नमुना'. खाली 'दिवाणी दावा कैफियत'. क्रमांक सत्तरच्या पुढे, उघडणारे शून्य. भाच्याला कळेना, मला मात्र लगेच उमगलं. माझे सासरे कोर्टात लेखनिक होते. प्रतिवादी दाव्याला जे लेखी उत्तर देतो, त्याला आपल्या कोर्टांत कैफियतच म्हणतात. कुणीतरी जमिनीच्या भानगडीत अडकलेला माणूस रात्री अकरा वाजता नमुना शोधत असेल आणि आठव्या-नवव्या पानावर त्याला माझी सावळी सुगंधी सखी दिसली असेल. त्याने ती उघडली नाही, हे त्याचं शहाणपण.

भाचा हसत म्हणाला, "मावशी, तू नाव ठेवलंस. पण लोक त्या नावाने हाक मारतच नाहीत."

लोक शोधताना जो शब्द लिहितात, तो कीवर्ड. तो म्हणजे काय, हे मला नंतर बऱ्याच जणांनी बऱ्याच आकृत्या काढून समजावलं. एवढ्या कमी शब्दांत कुणालाच जमलं नाही.

मग मी कामाला लागले. आधी काय करू नये तेच केलं. कुठेतरी वाचलं की वेबपानाच्या मागच्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या एका चौकटीत, शब्दांची माळ भरायची असते. मी भरली. पन्नासेक शब्द, त्यात 'झाड', 'झाडे', 'झाडं' तिन्ही. पुढे कळलं की त्या चौकटीकडे आपण क्रम लावताना बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर करून टाकलंय. देव्हाऱ्यात नसलेल्या देवाला मी नैवेद्य दाखवत होते.

कामाची ठरली ती साधीच गोष्ट. गूगलच्या पट्टीत 'कढीपत्त्याचे झाड' एवढं लिहायचं, पुढे एक जागा सोडायची आणि एंटर न दाबता थांबायचं. खाली सूचना उतरतात. वाढत नाही. कसे लावावे. पाने पिवळी. मग तिथेच 'का' लिहून बघायचं, 'कधी' लिहून बघायचं. या सूचना लोकांनी प्रत्यक्ष विचारलेल्यातून येतात. नर्सरीच्या काउंटरमागे उभं राहून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकावं, तसं मला ते वाटलं. त्यात एक गोष्ट खटकली आणि मग पटली. मी लिहिते 'पानं'. लोक शोधतात 'पाने'. बोलताना पानं म्हणणारा माणूसही गूगलपुढे बसला की शाळेच्या निबंधासारखा सावरून बसतो. बराच विचार करून मी तह केला: शीर्षकात 'पाने', आत 'पानं'. दारात पाहुण्यांची भाषा, घरात माझी.

फक्त 'कढीपत्ता' एवढंच लिहिलं, तर सूचनांत आधी केस येतात. केसांसाठी फायदे, केसांसाठी तेल. त्या माणसाला झाडाशी काही देणंघेणं नाही, त्याला डोकं वाचवायचंय. पण गर्दी तिकडे मोठी. जाहिरातदारांसाठी गूगलचं कीवर्ड प्लॅनर म्हणून जे आहे, त्यात खातं उघडून मी आकडे पाहिले. जाहिरातीवर पैसे न घालवणाऱ्यांना तिथे नेमका आकडा मिळत नाही. शंभर ते हजार, हजार ते दहा हजार असा मोघम अंदाज मिळतो. तेवढ्यानेही जीभ चाळवली. मीही कढीपत्त्याच्या तेलावर एक लेख लिहिला. आयुष्यात मी ते तेल एकदाही लावलेलं नाही. चार ठिकाणचं वाचून पाचवं लिहिलं. माणसं आली, आणि आल्या पावली गेली. ती कुंड्यांपाशी थांबायला आलीच नव्हती. एक दिवस एका बाईंनी मला फोन करून विचारलं, "तुमचे केस आता कसे आहेत हो?" त्या संध्याकाळी मी तो लेख काढून टाकला.

उलट 'कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात' असं विचारणारी थोडीच असतात, पण त्यांतलं प्रत्येक माझ्याकडेच यायला निघालेलं असतं. त्याच्या बाल्कनीत कुंडी आहे, आठ दिवसांपासून जीव लागत नाहीये, हे त्या एका ओळीत दिसतं. नव्याने लिहिणाऱ्याने मोठ्या शब्दाच्या जत्रेत पाल ठोकू नये. तिथे आधीच मोठमोठे तंबू लागलेत. गल्लीतला नेमका प्रश्न धरावा. जुनी पानं सगळीच पिवळी होतायत की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या? पहिल्यात नत्राची उणीव असू शकते, दुसऱ्यात बहुधा लोह झाडापर्यंत पोचत नाहीये. आणि बऱ्याचदा दोन्ही नसतं. कुंडीच्या बुडाचं भोक बुजून पाणी तुंबलेलं असतं. या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. ते वेगळे विचारले जातात, हे मला आधी कळलंच नव्हतं. मी एका कैफियतीत सगळे कोंबले होते.

आता सगळ्यात मनस्ताप देणाऱ्या भागाकडे येते.

सुरुवात मी ब्लॉगरवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉग लिहायच्या जागेवर, केली होती. तिथे देवनागरी शीर्षक दिलं की लेखाच्या वेबपत्त्यात त्याचं काही उतरत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा. म्हणून वर्डप्रेस या तसल्याच दुसऱ्या जागेवर गेले, तर तिथे उलटा प्रकार. शीर्षक पत्त्यात उतरतं, पण ती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या खुणांची अगीनगाडी होते. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरं खातं. क, ढ, वेलांटी, प, त, पाय मोडणारं हलन्त, पुन्हा त, काना, अशा आठ चिन्हांचा एकटा 'कढीपत्ता' बहात्तर अक्षरांचा होतो. आता पत्ता मी रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत, हाताने लिहिते. एवढं पुरे या विषयावर.

वर्डप्रेसवर मी एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बसवलं. इंग्रजी मनात धरून केलेलं ते होतं, नाव सांगत नाही. त्यात आपला मुख्य शब्द द्यायचा. लेख नीट आहे की नाही ते प्लगिन दिव्याने सांगतं. हिरवा दिवा लागला की पास. मी 'कढीपत्ता' दिला. लाल. का? तर म्हणे तुमचा मुख्य शब्द लेखात एकदाच आलाय. मी चष्मा पुसून लेख वाचला. कढीपत्त्याचं झाड, कढीपत्त्याला ताक, कढीपत्त्यावर मावा, कढीपत्त्याच्या बिया, कढीपत्त्याखालची माती. जागोजागी होता! पण त्या दिव्याच्या लेखी यांतला एकही कढीपत्ता नव्हता. मराठी शब्द प्रत्यय लागण्याआधी कंबर वाकवतो. पत्ता-पत्त्या, शेंडा-शेंड्याला, झाड-झाडाला, फूल-फुलाला. सामान्यरूप म्हणून आपण सहावी-सातवीत घोकलेलं ते. त्या बिचाऱ्याला ते कुणी शिकवलेलंच नव्हतं.

त्याला खूश करायचं म्हणून मी एक रात्र बसून लेख पुन्हा लिहिला. 'कढीपत्ता हे झाड उष्ण हवामानात वाढते. कढीपत्ता या झाडास पाणी बेताने द्यावे. कढीपत्ता या वनस्पतीवर मावा पडल्यास कढीपत्ता धुऊन घ्यावा.' दिवा हिरवागार. सकाळी हे चहा घेता घेता वाचायला लागले आणि दुसऱ्या परिच्छेदावर थांबून म्हणाले, "हे ग्रामपंचायतीने काढलंय का?"

बरोबरच होतं त्यांचं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक उजेड पडला. इंटरनेटवरच्या अर्ध्या मराठीला जो सरकारी चिकटा येतो, 'या झाडास', 'सदर वनस्पती', 'पुणे येथे', त्याचं एक मूळ इथेही असावं, असा मला दाट संशय आहे. शब्द वाकू नये म्हणून त्याच्यापुढे 'या' उभा करायचा आणि सगळा बोजा त्याच्या खांद्यावर द्यायचा. मशीनला शब्द सरळ हवा म्हणून माणसाने वाकडं बोलायचं. मी ते प्लगिन बंद केलं, कढीपत्त्याला पुन्हा कंबर वाकवू दिली, आणि लेख दिसायचा तिथेच दिसत राहिला. वाक्याचा अर्थ लावणारी बर्ट नावाची पद्धत गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांना लावली, त्यांत मराठीही आहे. म्हणजे खुद्द गूगलला 'पत्ता' आणि 'पत्त्या' यांचं नातं बरंचसं उमगत असावं. उमगत नव्हतं ते माझ्या दिव्याला.

तरी लिपीचे आपले काही खोडसाळपणे उरतातच. एकदा मी स्वतःच्याच लेखात 'दुसऱ्या' हा शब्द शोधत होते. डोळ्यांना पाच दिसत होते, संगणकाला तीनच सापडले. दोन मी मोबाइलवर लिहिले होते. तो अर्धा र दोन वाटांनी काढता येतो: एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दोन, साध्या र चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, आत वेगळी. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीची सवय असलेले अजून अ वर चंद्र ठेवतात. म्हणून कोरफडीच्या लेखात मी 'ॲलोव्हेरा' लिहिताना एकाच कीबोर्डवरून लिहिते. लोक कोरफड कमी आणि ॲलोव्हेरा जास्त शोधतात, हे कळल्यावर एक दिवस मी रुसून बसले होते. मग लिहिलं. कोरफडही लिहिलं.

आणि शुद्धलेखन! कढीत घालायचा पत्ता तो कढीपत्ता, हे उघड आहे. पण यादीत अर्ध्याअधिक ठिकाणी 'कडीपत्ता'. रोमनमध्ये लिहिणारे तर एच गाळूनच लिहितात. कडी दाराला असते, पानाला कढीच, असं मी आयुष्यभर पोरांना सांगत आले. आता चुकीचा शब्द मी माझ्या हाताने लिहू? भाचा म्हणाला लिही. मी शीर्षकात नाहीच लिहिला. आत एका वाक्यात, सरळ सांगून लिहिला, 'बरेच जण याला कडीपत्ताही म्हणतात.' खोटंही नाही आणि दारही बंद नाही.

त्याच वाक्यात पुढे मी 'कढीलिंब' लिहिलं आणि 'विदर्भात गोडलिंब' असं लिहिता लिहिता हात थांबला. मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा भाजीवाल्याला "गोडलिंब द्या" म्हटल्यावर त्याने माझ्यापुढे लिंबं ठेवली होती. तेव्हापासून मी कढीपत्ता म्हणायला लागले. इतकी, की एवढ्या लेखात माझ्याच माहेरचा शब्द मला शेवटी आठवला.

जुने लोक या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार. अमरकोशात वनौषधिवर्ग म्हणून एक अख्खा भाग आहे, त्यात एकेका झाडाची नावं श्लोकात ओवलेली आहेत. गुळवेलीचीच घ्या: वत्सादनी, छिन्नरुहा, गुडूची, अमृता, मधुपर्णी. छिन्नरुहा म्हणजे तोडली की पुन्हा रुजणारी. 'गुळवेल फांदीपासून लावता येते का' या प्रश्नाचं उत्तर नावातच देऊन ठेवलंय. वैद्याने एक नाव सांगावं, रानातून आणणाऱ्याला दुसरं माहीत असावं आणि तरी झाड तेच यावं, यासाठी ही खटपट. लोक एकेका झाडाला ज्या ज्या शब्दांनी शोधतात ते मी रात्री वहीत उतरवत होते, ते याहून वेगळं नव्हतं. फक्त माझ्या वहीत 'इनडोअर प्लांट'ही होतं.

वहीत भर पडायची ती सगळी संगणकावरून नाही. कुठला शब्द कधी जास्त शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर बघावं तर तिथे खरे आकडे नसतात, निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च टोकाला शंभर धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. आपल्या बारीकसारीक मराठी शब्दांना तर बहुतेक वेळा पुरेशी माहिती नाही असंच उत्तर. त्यापेक्षा मला पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात जास्त मिळालं. फुलांचे फोटो काढायचे सोडून मी रोपांच्या स्टॉलशेजारी तासभर उभी राहिले. 'सूर्यप्रकाश' हा शब्द एकाही माणसाने उच्चारला नाही. सगळे 'ऊन' म्हणत होते. 'ऊन किती लागतं?' 'आमच्याकडे फक्त सकाळचं ऊन येतं, चालेल?' 'हे मरणार नाही ना?' हे शेवटचं तर जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. 'न मरणारी झाडं' हा माझा आजवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आहे, आणि त्याचं शीर्षक मी कुठल्याही यंत्राला विचारलेलं नाही.

ऋतूचंही असंच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कढीपत्ता झोपतो. वाढ थांबते, पानं पिवळी होऊन गळतात, आणि लोक घाबरून खत घालतात, पाणी वाढवतात आणि खरोखर मारतात. प्रश्न डिसेंबरात येतात. म्हणून तो लेख मी नोव्हेंबरात काढून झाडूनपुसून ठेवते. दिवाळीचा फराळ आवरला की तेच काम.

सर्च कन्सोलची यादी मी अजून दर पंधरा दिवसांनी बघते, पण आधीइतक्या भक्तीने नाही. कारण एक गोष्ट उशिरा कळली. फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न त्या यादीत येतच नाहीत. कुणाचं खासगी उघडं पडू नये म्हणून गूगल ते झाकून ठेवतं. योग्यच आहे. पण माझ्यासारख्या छोट्या जागेवर येणारे कितीतरी जण त्या पडद्याआडून येतात. आकड्यांत ते मोजलेले असतात, शब्द तेवढे दिसत नाहीत. गोडलिंब मला यादीत आजवर कधी दिसला नाही. कुणी शोधत नाही म्हणून, की शोधणारे चारदोनच आहेत म्हणून, ते यादी सांगत नाही.

गेल्या बुधवारी आईचा फोन आला. वय शहाऐंशी, कान शाबूत, मोबाइल फक्त बोलण्यापुरता.

"अवं, त्या गोडलिंबाले काय झालं काय मालूम. पानं गळूनच राहिली."

मी हातात पेन घेतलं. दुधाच्या बिलाच्या मागे लिहिलं: गोडलिंब, पानं गळून राहिली. मग म्हटलं, "आई, कुंडीच्या बुडाला भोक आहे ना, ते बघ आधी."

"कुंडी? कोणती कुंडी? अंगणातला गोडलिंब म्हणतो मी. कुंडीत गोडलिंब लावते का कोणी?"

मी बिलावर 'अंगणातला' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. माझे कढीपत्त्यावरचे आता चार लेख झालेत. चारही कुंडीतले.

"बरं, खालची माती ओली आहे का? बोट घालून बघशील?"

"थांब, पाहून येते," म्हणाली. फोन तसाच ठेवला. चपला ओढत गेल्याचा आवाज आला, आणि मग मागच्या दाराची कडी वाजली.